नववी फळी

गुरुवारी सकाळी आठला पोलीस पाटील रिता आंबागडच्या फाट्यावर बसमधून उतरली, तेव्हा धुकं नुकतं विरत होतं. दोन दिवस ती भंडाऱ्याला प्रशिक्षणाला होती. तपास कसा करावा ते तिला तिथे शिकवत होते आणि नेमकं त्याच दोन दिवसांत गावात तपास करण्यासारखं घडलं होतं.

फाट्यावरच्या कडुनिंबाला भैय्याजी वाढईंची सायकल टेकवलेली होती. मागच्या चाकाला कुलूप होतं, चावी नव्हती. रिता थबकली. गेली वीस वर्षं ती चावी लाल दोऱ्याला बांधून कुलपातच लटकत असे. "माझी सायकल चोरणाऱ्याले ती चालवणं हीच सजा," असं भैय्याजी म्हणत.

तेवढ्यात कुंताबाई धावत आल्या. भैय्याजींची बायको, साठी उलटलेली. अनवाणी होत्या, डोळे सुजलेले.

"रिता, माय, आमचे हे मंगळवारपासून घरी नाही आले. आज तिसरा दिवस! लोक तलावात गळ टाकून राहिले वं. मले बघवत नाही."

"काकू, आधी बसा. शेवटचं कोणी पाहिलं त्यांना?"

"आमच्या राजकुमारनं. मंगळवारी तीनले चहा घेऊन गेला होता शेडवर. हे उन्हात त्या नागपूरवाल्याच्या गाडीच्या छताची नववी फळी पॉलिश करून राहिले होते. म्हणे, हे झालं का शालूकडे दिघोरीले जाऊन येतो."

"मग?"

"बुधवारी शालूचा फोन आला. बाबा आलेच नाहीत म्हणे. तवापासून राजकुमार पोरं घेऊन तिकडेच शोधून राहिला. दिघोरीपासून लाखांदूरपर्यंत सारे तलाव पाहून झाले."

"मंगळवारी तुम्ही कुठे होतात?"

"खळ्यावर. असं कडक ऊन होतं का दिवसभर धान चुरला. बुधवारी सकाळी मात्र अशी धुवारी पडली का समोरचा बैल दिसेना. धानाच्या ढिगावर ताडपत्री टाकली." त्या थांबल्या. आवाज खाली गेला. "रिता, हे दिघोरीले गेलेच नाहीत. बीपीच्या गोळ्या घरी हायेत, धुतलेला सदरा खुंटीवर हाये. लेकीच्या सासरी हा माणूस लाखेच्या पॉलिशनं माखल्या हातानं गेला असता का?"

रिताच्या मनात हेच आलं होतं. डिसेंबरच्या दोन रात्री, बहात्तर वर्षांचा माणूस, गोळ्या नाहीत. तिने हिशोब मनातच ठेवला. कुंताबाईंनी तो केव्हाच केलेला असणार.

"अन् टेकचंदले पकडलं हाये," कुंताबाई म्हणाल्या. "सोमवारी यांच्याशी भांडला अन् मंगळवारी संध्याकाळी शेडजवळ दिसला म्हणून ग्रामपंचायतीत कोंडला. दुपारी ठाण्याची गाडी येईन तवा पोलिसांच्या हवाली करणार."

टेकचंद म्हणजे भैय्याजींचा चेला. पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली रंधा मारणारा.

रिताने आधी ग्रामपंचायत गाठली. टेकचंद कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्याचा ओठ फुटलेला होता. गावाने न्याय द्यायला सुरुवात केलेली दिसत होती.

"सोमवारी भांडण कशावरून झालं?"

"मी म्हटलं, वस्ताद, आजकाल पॉलिशले कोण कापडाचा बोळा घेऊन बसते? मशीनचा फवारा मारू. त्यांनी मोजपट्टी फेकून मारली. मी रागानं मामाकडे करडीले निघून गेलो."

"मग मंगळवारी संध्याकाळी तू शेडजवळ काय करत होतास?"

"माफी मागाले आलो होतो. पाच वाजले असतीन. शेडमधी कोणी नव्हतं. गाडीत डोकावलो. छताले आठ फळ्या होत्या, नववीची जागा उघडी होती."

"राजकुमार तर सांगतो, तीन वाजता नववी फळी पॉलिश होत होती."

"मले मालूम हाये तो काय सांगते." टेकचंदने मान वर केली. "पाटीलबाई, सारं गाव त्याचं ऐकून राहिलं. माझं कायले ऐकन? तो पोटचा पोरगा, अन् मी भांडखोर. पण वस्तादले मी हात लावीन? बाप गेल्यावर त्यांनीच जेवू घातलं मले."

तो रडायला लागला. रिताने त्याला रडू दिलं. पण एक गोष्ट सरळ होती. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि खरं-खोटं सांगू शकेल अशी तिसरी साक्षीदार एकच होती. ती फळी.

"ऊठ," ती म्हणाली. "माझ्यासोबत शेडवर चल."

दाराशी बसलेल्या पोरांनी कुरकुर केली. रिताने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पोरं वाटेतून बाजूला झाली.

शेड तलावाच्या पाळीला लागूनच होतं. पाळीवर लोक जमले होते, दोघेजण डोंग्यातून गळ फिरवत होते. गळ अडकला की सगळे उठून उभे राहत आणि शेवाळाचा झुपका वर आला की पुन्हा बसत. सोबत आलेल्या कुंताबाईंनी तिकडे पाठ केली.

आत ती गाडी उभी होती. १९८३ची मॅटॅडोर. कोण्या हौशी इंजिनिअरने कधीकाळी तिच्यात झोपायचा बाक, चुलीची जागा आणि सागवानी छत करून घेतलं होतं. छताला आडव्या नऊ फळ्या. धनंजय नावाच्या नागपूरच्या माणसाने ती भंगारातून उचलली होती. जंगलाजवळ त्याचं रिसॉर्ट होतं, पाहुण्यांना या चालत्या घरात हिंडवायचा त्याचा बेत होता. छताचं काम भैय्याजींकडे आलं, कारण लाखेचं पॉलिश हाताने करणारा दुसरा माणूस तालुक्यात उरला नव्हता.

धनंजय गाडीला टेकून उभा होता.

"तुम्ही कधी आलात?" रिताने विचारलं.

"काल दुपारी, गाडी न्यायला. तर इथे हा प्रकार. ठाण्यातून सांगितलं, थांबा म्हणून. थांबलोय."

"गाडीची घाई होती म्हणे."

"होती ना. उद्या पाहुणे येणार. आठ फळ्या घासून-पुसून सुंदर झाल्या, पण नववी सडलेली निघाली. भैय्याजी म्हणाले, चाळीस वर्षं वाळलेलं सागवान मिळाल्याशिवाय मी हात लावणार नाही, महिनाभर थांबा. मी म्हटलं, अहो, प्लायवूड ठोका! त्यांनी मला गाडीतून खाली उतरवलं. माझ्याच गाडीतून!"

"मग नववी फळी आली कुठून?"

"ते मला माहीत नाही. राजकुमार म्हणाला, साहेब, चिंता करू नका, बुधवारपर्यंत करून देतो. वेळेत झालं तर त्याला रिसॉर्टवर मॅनेजर ठेवणार होतो मी. काल पाहिलं तर फळी बसलेली. काम झकास आहे, फक्त ती एक फळी अशी दुधाळ का दिसते कळत नाही."

रिता गाडीत चढली. आठ फळ्यांत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. नवव्या फळीवर मात्र पांढुरकी साय धरली होती, मध्ये जास्त आणि कडांना कमी.

"टेकचंद, हे काय आहे?"

टेकचंदने वर पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला. रडणं थांबलं. कारागिराला वाईट काम दिसलं की तो स्वतःचं दुःख विसरतो.

"हे वस्तादचं काम नाही."

"कशावरून?"

"लाखेच्या पॉलिशले ओल चालत नाही, पाटीलबाई. हवेत दमटपणा असला का अशी पांढरी येते. थंडीत आम्ही दहा-अकरापर्यंत डबा उघडत नाही. कोरडं ऊन पडलं का मंग बोळा हातात. मागच्या वर्षी मी सकाळी घाई केली त वस्तादनं बोटावर मोजपट्टी मारली होती. पाहा."

त्याने स्पिरिटमध्ये फडकं बुडवून फळीच्या कोपऱ्यावरून अलगद फिरवलं. तेवढ्यापुरती साय गेली आणि खालचं लाकूड लखलखलं.

"हात मात्र शिकलेला हाये," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बोळा बरोबर फिरवला. पण हे धुवारीत केलं."

रिताला कुंताबाईंचं खळं आठवलं. मंगळवारी कडक ऊन होतं. धुकं पडलं ते बुधवारी सकाळी.

"ही फळी उतरव."

टेकचंदने पेचकसाने चार स्क्रू काढले. आठ फळ्यांच्या कडेला भैय्याजींच्या खुणेच्या खाचा होत्या, पहिलीला एक, दुसरीला दोन, अशा. या फळीला एकही नव्हती. रिताने ती उलटी केली. पाठीवर जुना हिरवा ऑइलपेंट होता, पोपडे आलेला. नाकाशी धरली तर वाघळांच्या लेंड्यांचा उग्र वास आला.

तो हिरवा रंग रिताने पाहिला होता. पूर्वी निवडणुकीला आलेली माणसं जिथे उतरत, तिथे.

बाहेर मोटारसायकल थांबली. राजकुमार आला होता. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, डोळे लाल, कपडे धुळीने माखलेले. पाळीवरच्या बाया हळहळल्या. दोन दिवस पोराने पाण्याचा घोट घेतला नाही, असं जो तो सांगत होता.

कुंताबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "माझं लेकरू वाळून गेलं. शाळेत होता तवा हर उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाजवळ बसे, रिता. दोघांचा बोळा ओळखू नाही येत होता. मंग पुण्याले कंपनीत गेला. दोन महिन्याआधी कंपनी बंद पडली त वापस आला. अन् आता हे असं."

रिताने त्यांच्याकडे पाहिलं. बाईने मायेने बोललेलं ते वाक्य ऐकून तिला वाटलं, आपण बहिऱ्या असतो तर बरं झालं असतं.

"धनंजयजी, गाडी सुरू करा," ती म्हणाली. "काकू, बसा. राजकुमार, तू पण. टेकचंद, पहार आणि दोर घे. पाळीवरची तुम्ही तिघं पोरं मागून मोटारसायकलवर या. कोणाकडे बाटली असेल तर पाणी भरून घ्या."

"कुठी जाऊन राहिलो?" राजकुमारने विचारलं.

"बाबांना आणायला."

गाडी पाळीवरून उतरली. फाट्याकडे वळायच्या ठिकाणी रिता पुढे वाकून म्हणाली, "उजवीकडे. टेकडीला वळसा घालून."

"तिकडे कायले?" राजकुमारचा आवाज चढला. "दिघोरीचा रस्ता त इकडे हाये! ताई, टाइम वाया घालवून राहिली तू. बाबा तिकडे…"

"बस खाली."

तो बसला. त्याच्या डोक्यावर छतात नवव्या फळीची जागा उघडी होती, आतला पत्रा दिसत होता.

"मंगळवारी तीन वाजता बाबा उन्हात पॉलिश करत होते, असं तू सांगितलंस," रिता म्हणाली. गाडी खड्ड्यांतून आदळत होती, तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. "त्या उन्हात केलेलं पॉलिश पांढरं पडत नाही. ही फळी बुधवारी सकाळी, धुक्यात पॉलिश झाली. म्हणजे मंगळवारी पाचला नववीची जागा उघडी होती, हे टेकचंदचं खरं. आणि तुझं खोटं."

"टेकचंदनंच केली असन!"

"टेकचंदने पंधरा हिवाळे हे काम केलं. धुक्यात डबा उघडायचा नसतो हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे. भैय्याजींना तर आहेच. मग ज्याला बोळा बापासारखा फिरवता येतो, पण धुक्याचं माहीत नाही, असा माणूस कोण?" ती क्षणभर थांबली. "ज्याने हे काम फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत केलं, तो. उन्हाळ्यात धुकं पडत नाही, राजकुमार. तेवढं तुझं शिकायचं राहून गेलं."

कुंताबाईंचा हात अजून पोराच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला, फक्त फिरायचा थांबला.

"फळीच्या मागे हिरवा रंग आहे, वाघळांचा वास आहे. असं छत या भागात एकाच ठिकाणी आहे, टेकडीमागच्या बंद डाकबंगल्यात. सायकलची चावी दे."

"कोणती चावी?"

"बाबा बसने दिघोरीला गेले असं वाटावं म्हणून फाट्यावर सायकल नेऊन ठेवलीस. पुण्याची सवय, कुलूप लावलंस. बाबांनी कधी लावलं नव्हतं."

राजकुमारने खिशात हात घातला. बराच वेळ तो हात खिशातच होता. मग त्याने लाल दोऱ्याची चावी आईच्या मांडीवर ठेवली.

"म्या मारलं नाही वं, माय," तो म्हणाला. "बाबा येत नव्हते तिकडे. सरकारी लाकडाले हात लावत नाही म्हणे. म्या सांगतलं, परवानगी काढली. खोटंच सांगतलं. ते शिडीवर चढले. एक फळी काढून माझ्या हाती देली, अन् दुसरीले पहार लावली त वरची बल्लीच तुटली. सारं छत खाली आलं. धूळच धूळ. म्या हाक मारली एक. आवाज नाही आला."

"एकच?" कुंताबाईंनी विचारलं.

तो आईच्या मांडीवरच्या चावीकडे बघत राहिला.

"जवळ जाऊन पाह्यलं का तू? नाकाशी हात धरला का?"

"नाही."

"काहून?"

"भेव वाटलं. सरकारी जागा, चोरी, वरून बाप मेला. नोकरी बी जाईन. मले वाटलं मेलेच. मेलेल्यासाठी… म्या फळी घेऊन पळालो."

"अन् दोन दिवस साऱ्या गावाले दिघोरीकडे पाठवत राहिला."

तो तोंड झाकून वाकला. कुंताबाईंनी त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला आणि मांडीवरची चावी मुठीत धरली. त्यानंतर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दोन दिवसांत या माणसाने शंभर माणसं चुकीच्या वाटेला लावली होती, प्रत्येक तलाव खरोखर शोधला होता आणि रडलाही खरोखर होता. सगळं खरं, फक्त जागा खोटी. तिला त्याचा संताप येत होता, आणि त्याच्या आईकडे बघितलं की तोही धड येत नव्हता.

डाकबंगल्याच्या आवारात गवत कमरेएवढं वाढलं होतं. दाराचा हिरवा रंग फळीच्या पाठीवर होता तोच. पण गाडी थांबली तरी कोणी लगेच उतरेना. उतरल्यावर काय दिसेल, ते प्रत्येकाला ठाऊक होतं. पहिल्या उतरल्या त्या कुंताबाई.

आत दिवाणखान्याचं अर्धं छत जमिनीवर होतं. फळ्या, माती, कौलांचे तुकडे. त्या सगळ्यावर एक जाड बल्ली, छताची तुळई, तिरपी पडलेली.

"भैय्याजी!" रिताने हाक मारली.

काही नाही. वाघळं फडफडली.

"वस्ताद!" टेकचंद ओरडला.

आणि मग ढिगाच्या आतून, घसा कोरडा पडलेल्या माणसाचा बारीक आवाज आला.

"राजकुमार… ओ राजकुमार…"

सगळे जागच्या जागी थिजले. आपल्यासोबत कोण आलं आहे, हे भैय्याजींना कसं कळलं, असं रिताच्या मनात आलं. ढिगाखालून तर दार दिसतच नव्हतं.

टेकचंद धावला. त्याने आणि मागून आलेल्या पोरांनी वरच्या फळ्या भराभर बाजूला केल्या. खाली भैय्याजी होते. चेहरा मातीने पांढरा, ओठ फुटलेले. छातीवर दोन फळ्या एकमेकींवर अडकून राहुटीसारखी पोकळी झाली होती, तिनेच त्यांना वाचवलं होतं. डावा पाय गुडघ्यापासून त्या जाड बल्लीच्या बुडाशी टेकूसारखा होता.

कुंताबाईंनी ओल्या पदराने त्यांच्या ओठांना पाणी लावलं. त्यांनी डोळे उघडले.

"पोराले काढलं का?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणता जी?"

"राजकुमार. तो बी दबला हाये. पलीकडल्या बाजूले. दोन दिवस हाका मारून राहिलो, ओच देत नाही." त्यांना धाप लागली. "माझा पाय निघते. काढला नाही म्या. काढला असता त सारी बल्ली तिकडे गेली असती, त्याच्या अंगावर."

राजकुमार दारात उभा होता, भिंतीला धरून. तो हळूहळू खाली बसला.

सकाळपासून प्रत्येक उत्तराला रिताकडे पुढचा प्रश्न तयार होता. आता पुढचं बोलणं तिचं नव्हतं. तिने कुंताबाईंकडे पाहिलं. जे काही सांगायचं ते सांगायचा हक्क त्यांचा एकटीचा होता.

कुंताबाईंनी दाराकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या कपाळावरची माती त्यांनी बोटांनी पुसली.

"त्याले काही नाही झालं," त्या म्हणाल्या. "तो बाहेर हाये."

"जितं हाये?"

"जितं हाये जी."

भैय्याजींनी डोळे मिटले. छाती वरखाली झाली. मग ते टेकचंदला म्हणाले, "मंग आता माझा पाय काढ रे, बाप्पा. लय दुखून राहिला."